सोवळ्याकडून स्वच्छतेकडे : आपल्या शाळेत अन्नतंत्रज्ञान का हवे

जानेवारी २०२५ मधील ते दिवस धायरीत राहणारे कोणी विसरले असेल असे वाटत नाही. नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे आणि आपली धायरी, या सिंहगड रस्त्यालगतच्या पट्ट्यात गुलियन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले. काल चालता-बोलता असलेला माणूस आज हात उचलू शकत नाही, अशा बातम्या कानांवर येत होत्या. पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेवर गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला, काहींत नोरोविषाणू. दोघांचीही वाट दूषित पाण्यातून आणि कच्च्या-अर्धकच्च्या अन्नातून पोटाकडे जाते. पाणी उकळून प्या, अन्न पूर्ण शिजवून खा, अशा सूचना निघाल्या. कोंबडीची दुकाने ओस पडली, पनीरही लोकांनी टाकले. खरे कारण कोणते आणि भीती कोणती, हे वेगळे करून सांगणारे मात्र वस्तीत फारसे कोणी नव्हते.

त्या आठवड्यात आम्ही काही माजी विद्यार्थी वसतिगृहात गेलो होतो. बीड, नांदेड, सोलापूरकडून पालकांचे फोन सतत येत होते. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवले होते. आठवीतला एक मुलगा पातेल्याशेजारी उभा होता. त्याने आम्हाला विचारले, "दादा, उकळी आल्यावर किती वेळ ठेवायचं? आणि गार झाल्यावर परत त्याच पिंपात ओतायचं का?"

आमच्यात एक अभियंता होता, दोन शिक्षक, एक बँकेत काम करणारा, एक वकिली करणारी. सगळे याच शाळेतून विज्ञानात चांगले गुण मिळवून बाहेर पडलेले. उत्तर कोणालाच देता आले नाही. दुग्धप्रकल्पात गुणवत्ता तपासणीचे काम करणारा आमचा एक सोबती तेवढा पुढे झाला. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट पुरते, हे त्याने सांगितले. पण त्याने बोट ठेवले ते पिंपावर. पिंपात हात घालून तांब्या बुडवला की उकळण्याचे सारे इंधन वाया गेले. पिंपाला तोटी हवी, झाकण हवे, आणि पिंप धुतल्याची नोंद हवी. मग त्याने कुठूनशी ऑर्थोटोलिडिनची बाटली मिळवली, टाकीच्या पाण्यात दोन थेंब टाकले, आणि पाणी पिवळे होते की नाही हे मुलांना बघायला सांगितले. पिवळे झाले तर क्लोरिन शिल्लक आहे. नळाशी तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. मुलांनी मग वसतिगृहातील प्रत्येक नळाचे पाणी आणून रांगेत मांडले. टाकीपासून जसजसे दूर जावे तसतसा पिवळा रंग फिका होत गेला. वरच्या मजल्यावरील शेवटच्या नळाचे पाणी जवळजवळ पांढरेच राहिले.

हा लेख लिहिण्याचे कारण त्या दुपारी सापडले. माध्यमिक शाळेत, विशेषतः आपल्यासारख्या निवासी शाळेत, अन्नतंत्रज्ञान हा विषय आठवीपासून शिकवला जावा, असे आमचे मत आहे. संस्थेचे कार्यकर्ते, पालक आणि आमचे माजी सहाध्यायी यांनी त्याचा विचार करावा, यासाठी ही मांडणी करीत आहोत. आमच्या मतावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. त्यांच्याकडे पुढे येऊच.

अन्नतंत्रज्ञान आणि पाककला यांत गल्लत होते, म्हणून थोडे स्पष्ट करतो. चांगली सुगरण पदार्थ चवदार कसा होईल ते पाहते. अन्नतंत्रज्ञ आणखी काही प्रश्न विचारतो : हा पदार्थ किती दिवस टिकेल, का टिकेल, दर वेळी तसाच कसा होईल, खाणाऱ्याला त्यापासून अपाय तर होणार नाही, आणि एका ताटाला खर्च किती आला? दूध ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद तापवून लगेच थंड केले की त्यातील रोगजंतू मरतात. हेच काम ६३ अंशांवर करायचे तर अर्धा तास लागतो. तापमान आणि वेळ यांची ही देवघेव गणिताच्या तासाला आलेखावर काढता येते. मुरंबा का टिकतो? साखरेने पाणी बांधून ठेवले, जिवाणूंना ते मिळेना, म्हणून. लोणचे का टिकते? आम्लता वाढली, सामू ४.६ च्या खाली गेला, तिथे घातक क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू वाढत नाहीत, म्हणून. पापड टिकतो तो कोरडेपणामुळे. आपल्या आज्यांना हे सारे ठाऊक होते; सामू हा शब्द तेवढा ठाऊक नव्हता.

राज्य मंडळाच्या विज्ञानाच्या पुस्तकांत यातील बरेच काही आहे. उपयुक्त आणि उपद्रवी सूक्ष्मजीव नववीत येतात, दही, योगर्ट, किण्वन दहावीत येते. मुले ते पाठ करतात, आकृत्या काढतात, गुण मिळवतात. आणि त्याच दिवशी दुपारी उरलेला भात संध्याकाळपर्यंत झाकून ठेवला जातो, तेव्हा वर्गातले सूक्ष्मजीव आणि पातेल्यातले सूक्ष्मजीव एकच आहेत, असे त्यांच्या मनात येत नाही. त्या जानेवारीत आमचीही अवस्था तीच होती.

हा विचार आमचा नवा नाही. त्याचा महाराष्ट्रातील खरा दाखला धायरीपासून फार दूर नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रमाची स्थापना केली. आश्रमाची कीर्ती ग्रामीण तंत्रशिक्षणाचे केंद्र म्हणून आहे, त्यामुळे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही : कलबाग हे मुळात अन्नतंत्रज्ञ होते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवली, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत संशोधन केले, नंतर हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात उच्च पदावर काम केले. ते सारे सोडून ते पाबळसारख्या अवर्षणप्रवण गावात येऊन राहिले आणि शाळेत नापास झालेल्या मुलांना हाताने काम करता करता विज्ञान शिकवू लागले. २००३ साली त्यांचे निधन झाले. काम चालू आहे.

त्यांनी माध्यमिक शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम घडवला. शिक्षक त्याला 'आयबीटी' म्हणतात. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाला द्यायचा, अशी त्याची रचना. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग. राज्य मंडळाने त्याला पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली आणि अनेक ग्रामीण शाळांनी तो स्वीकारला. शेवटच्या विभागात मुले चिक्की करतात, भाज्या वाळवतात, हिमोग्लोबिन तपासतात. त्यातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग 'लोकोपयोगी सेवा' हा आहे. मुलांनी शिकलेल्या गोष्टीचा गावाला उपयोग व्हावा आणि गावाने त्याचे मोल द्यावे. खोटे प्रकल्प, थर्मोकोलचे देखावे तिथे चालत नाहीत. चिक्की विकत घेणाऱ्याला ती खाता आली पाहिजे. परीक्षक गुण देताना भिडेखातर दोन गुण वाढवील. पैसे देऊन खाणारा वाढवणार नाही.

अर्थात पाबळची नक्कल धायरीत होणार नाही. तिथे शेत आहे. इथे २०१७ साली गाव महापालिकेत गेले आणि शेतांच्या जागी इमारती आल्या. पण आपल्याकडे एक गोष्ट आहे जी दिवसशाळेकडे नसते : दोन वेळचे जेवण आणि सकाळची न्याहारी शिजवणारे स्वयंपाकघर. रोज पोत्याने धान्य येते, भाजी निवडली जाते, भात उरतो, दूध नासते, पाण्याचा टँकर उशिरा येतो. जगातील कोणत्याही प्रयोगशाळेला एवढा कच्चा माल आणि एवढ्या खऱ्या अडचणी कोणी पुरवत नाही. आणि आपण त्या खोलीच्या दारावर 'विद्यार्थ्यांना प्रवेश नाही' अशी पाटी लावून ठेवली आहे. (आमच्या काळीही होती. रात्री गूळ-शेंगदाण्यांसाठी आम्ही ती कशी ओलांडत असू, ते येथे लिहिणे बरे नव्हे.)

आता आक्षेप. गेल्या पालकसभेत आम्ही हा विषय काढला, तेव्हा मागच्या रांगेतून एक माउली उठून म्हणाल्या, "दादा, मी पंधरा वर्षं लोकांच्या घरी पोळ्या लाटतेय. पोराला तुमच्याकडं पाठवलं ते याच्यातून सुटावं म्हणून. तुम्ही त्याला परत चुलीपुढंच बसवणार का?"

सभेत शांतता पसरली. आमच्याकडे तयार उत्तर नव्हते, आणि नव्हते ते बरेच झाले. हा आक्षेप एका माउलीचा नाही, आपल्या समाजाच्या इतिहासाचा आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कामे नेमून दिली गेली, त्यांच्या मुलांना 'व्यवसायशिक्षण' हा शब्द ऐकला की शंका यावी, हे योग्यच आहे. बहुतेक ठिकाणी घडतेही तसेच : वरच्या वर्गाच्या मुलांना विज्ञान, खालच्या वर्गाच्या मुलांना कौशल्य. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाण्याची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. पण दहा दिवसांनंतर कोणाचे मूल परत प्रयोगशाळेत जाते आणि कोणाचे कारागिराकडेच राहते, हे पाहणे आपल्यासारख्यांना भागच आहे.

म्हणून आमची पहिली अट अशी की, अन्नतंत्रज्ञान हे विज्ञान आणि गणिताच्या जागी येता कामा नये. ते त्यांच्या आत यावे. कमी गुणांच्या मुलांसाठी वेगळा वर्ग अशी त्याची सोय केली, तर आम्हीच त्याला विरोध करू. वर्गातील पहिल्या क्रमांकाची मुलगी आणि शेवटच्या क्रमांकाचा मुलगा यांनी एकाच टेबलावर एकाच दह्याचा सामू मोजावा. पोळ्या लाटणाऱ्या त्या माउलींच्या मुलाला पोळ्या लाटायला शिकवण्याचा आमचा मानस नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातील अन्नतंत्र महाविद्यालय, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हैसूरची ती राष्ट्रीय संस्था, या दारांवर त्याने कधी तरी थाप मारावी, आणि त्या जागा आहेत हे त्याला बारावीनंतर नव्हे, आठवीत कळावे, एवढा आमचा हेतू आहे.

परंतु या विषयाचा आग्रह आम्ही केवळ नोकऱ्यांसाठी धरीत नाही. अन्नाला कोणी शिवावे, कोणी शिजवावे, कोणाच्या हातचे कोणी खावे, यावर आपल्या समाजाची सारी उतरंड उभी राहिली. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल काढले. चहा उत्तम, जागा स्वच्छ, पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. राजाने कप तोंडाला लावला, म्हणून गिऱ्हाईक आले. पुढे महाडला तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. २० मार्च १९२७ ही तारीख आपल्या मुलांना सांगावी लागत नाही.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. २०१७ साली याच पुण्यात, घरातल्या धार्मिक स्वयंपाकासाठी ठेवलेल्या बाईंनी जात लपवून सोवळे मोडले, अशी तक्रार पोलिसांत नोंदवली गेली होती. ती पुढे मागे घेतली गेली, हे खरे. पण तक्रार करणारी व्यक्ती उच्चविद्याविभूषित होती, हेही खरे. विज्ञानाची पदवी आणि सोवळ्याची कल्पना एकाच घरात सुखाने नांदू शकतात, कारण शाळेत विज्ञान स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच आणले जाते.

आमच्या परिचयातील एका बचत गटाची गोष्ट सांगतो. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, नाचणीचे पापड. माल चोख. अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी केलेली, चौदा आकडी क्रमांक छापलेला. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता द्यावा लागतो, म्हणून गटप्रमुख बाईंचे आडनावासह नाव दिले. शहरातील एका मोठ्या गृहसंकुलातील प्रदर्शनात लोक पुडा हातात घेत, वास घेत, उलटून वाचत, आणि परत ठेवून देत. सगळेच नाही, पण लक्षात येण्याइतके. दुसऱ्या वर्षी गटाने एक गोडसे नाममुद्रेचे नाव घेतले आणि तेच वेष्टनावर ठळक केले. माल संपला. त्या बाई हसत हसत हे सांगतात. आम्हाला त्यांच्यासारखे हसता येत नाही.

इथे तापमापी आणि सामूची पट्टी यांचे मोल आम्हाला दिसते. सोवळे विचारते, हात कोणाचा? स्वच्छता विचारते, हात धुतला का, कशाने, किती वेळ? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जन्मानेच ठरून गेलेले असते, त्यात माणूस काहीही बदलू शकत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोजता येते, सुधारता येते आणि कोणालाही तपासता येते. जिवाणू आडनाव विचारत नाहीत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने धुतलेल्या आणि न धुतलेल्या बोटांचे ठसे दोन बशांतील आगरवर उमटवून तिसऱ्या दिवशी पाहिले, तर शुद्ध-अशुद्धाचा संबंध कशाशी आहे, यावर त्याला भाषण ऐकवावे लागणार नाही. अशा बशा उघडायच्या नसतात आणि नंतर जंतुनाशकात बुडवून टाकायच्या असतात, तेवढी शिस्त मात्र शिक्षकाने आधी शिकवावी.

आणखी एक कठीण गोष्ट. अन्न टिकवण्याच्या पद्धतींचा धडा काढला की त्यात लोणचे येते, मुरंबा येतो, पापड-कुरडया येतात. चान्या येत नाहीत. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, उन्हात वाळवून वर्षभरासाठी ठेवलेल्या चान्या मराठवाड्यातल्या आपल्या घरांतून दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत होत्या. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकाने हे अन्न प्रथमच सविस्तर नोंदवले. शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर पट्टी पातळ कापणे, ऊन आणि वारा दोन्ही मिळतील अशी टांगणे, पूर्ण कोरडी होईपर्यंत न उतरवणे, हे सारे जलांश उतरवण्याचे चोख तंत्र आहे. दक्षिण आफ्रिकेत याच जातीचा पदार्थ 'बिलटाँग' या नावाने दुकानांत मानाने विकला जातो.

पण हे सांगताना आम्ही अडखळतो. ते मांस पुष्कळदा मेलेल्या जनावराचे असे. ते खावे लागे, निवडलेले नसे. महाडच्या परिषदेत मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन बाबासाहेबांनी केले आणि लोकांनी ते मानले, त्यामागे मोठा अपमान झुगारणे होते. मग आज वर्गात चान्यांचे कौतुक करावे की करू नये? आमच्यातच यावर दोन मते आहेत. एकाचे म्हणणे, जे टाकले ते टाकले, मुलांपुढे ते परत आणू नये. दुसऱ्याचे म्हणणे, अपमान आपल्यावर लादला गेला, पण ज्ञान आपण स्वतः मिळवले होते. अपमान टाकताना ज्ञानही टाकले गेले, आणि आज मुलाला वाटते की अन्नाचे शास्त्र दुसऱ्यांच्याच स्वयंपाकघरात जन्मले. आमचा बहुमताचा कल दुसऱ्या बाजूला आहे. निदान मुलांनी सुट्टीत घरी जाऊन आजीला विचारावे, तू काय टिकवत होतीस, कसे, किती दिवस. आणि ते वहीत लिहून आणावे. वाळवलेली हरभऱ्याची भाजी, सुकट, बोंबील, मोहाची फुले, भाकरीचे वाळवलेले तुकडे. जे येईल ते येऊ द्यावे.

जाता जाता एक आठवण. विनयपिटकात भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच भेषजे सात दिवसांपर्यंत जवळ ठेवण्याची मुभा आहे; त्यापुढे नाही. हा नियम संचयाच्या मोहाविरुद्ध आहे, नासण्याविरुद्ध नव्हे. तरीही ही पाचही द्रव्ये आपापल्या कारणांनी इतर अन्नाहून अधिक टिकणारी आहेत, हे मुलांनी शोधून काढावे असा आमचा आवडता प्रश्न आहे. (लोण्याजवळ ती अडतात, आणि तिथेच बोलणे रंगते.)

'नवोपक्रम' या शब्दाविषयीही बोलले पाहिजे, कारण शाळांतून तो फार स्वस्त झाला आहे. विज्ञान प्रदर्शनात ज्याला दिवे लागतात ते नवे, अशी समजूत आहे. खरा नवा विचार बहुधा एखाद्या कंटाळवाण्या अडचणीपाशी सुरू होतो. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील काही मराठी विद्यार्थ्यांनी सौर वाळवणयंत्र घडवले, 'एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज' हा उद्योग उभारला आणि मराठवाड्यातील शेतकरी स्त्रियांच्या दारात ते यंत्र नेले. बाजारात कवडीमोल होणारा कांदा-टोमॅटो तिथेच वाळवून विकला जाऊ लागला. २०२३ साली त्यांना 'अर्थशॉट' हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्यांची मूळ अडचण आपल्या आयांना रोज दिसणारीच होती : बाजार उठताना उरलेली भाजी.

आपल्या मुलांनीही गेल्या पावसाळ्याआधी पत्र्याची पेटी, काळा रंग आणि काच वापरून एक वाळवणपेटी केली. पहिल्या खेपेची मेथी काळी पडली; भाजी उकळत्या पाण्यातून क्षणभर काढून घ्यायला हवी होती, ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या खेपेचे टोमॅटो छान वाळले, त्यांची पूड केली, साध्या डब्यात भरली, आणि जूनच्या दमट हवेत तिचा दगड झाला. मुले हिरमुसली. आम्हाला मात्र आनंद झाला, कारण हवेतील ओलावा पूड शोषून घेते हे त्या दगडाइतके चांगले दुसऱ्या कशानेच शिकवले नसते. तिसरी खेप हवाबंद बरणीत आहे. ती उघडलेली नाही.

इंग्लंडमधील एक अनुभव इशारा म्हणून सांगण्यासारखा आहे. तिथे १९९० नंतर अन्न हा विषय 'डिझाइन आणि तंत्रज्ञान' या विषयात घातला गेला. कालांतराने टीका होऊ लागली की मुले पिझ्झ्याच्या खोक्याचे चित्र काढण्यात तासन्‌तास घालवतात, स्वयंपाक मात्र येत नाही. २०१६ पासून तिथल्या माध्यमिक परीक्षेत 'अन्न तयार करणे आणि पोषण' असा नवा विषय आला. म्हणजे नावीन्याच्या मागे लागून अन्नच हातातून सुटू शकते. जपानमध्ये अन्नशिक्षणाचा स्वतंत्र कायदा २००५ साली झाला. तिथे शाळेतील जेवण मुले स्वतः वाढतात, हा शिक्षणाचाच भाग मानला जातो. आपल्या वसतिगृहात वाढण्याची पाळी असते. ती आम्ही शिक्षा समजत होतो.

मुलगे आणि मुली हा भेद या विषयात चालणार नाही, हे वेगळे सांगायला नको होते. पण सांगावे लागते. जिथे असे विषय आहेत तिथेही मुलांच्या वाट्याला वेल्डिंग आणि मुलींच्या वाट्याला चिक्की, असे आपोआप घडताना आम्ही पाहिले आहे. शिक्षकांनी ठरवून पाळ्या लावाव्यात.

खर्चाचे म्हणाल तर फार मोठा नाही. दोन अन्नाच्या तापमाप्या, अर्ध्या ग्रॅमपर्यंत मोजणारा एक वजनकाटा, सामूच्या पट्ट्या, साखरेचे प्रमाण दाखवणारा एक रिफ्रॅक्टोमीटर, क्लोरिन तपासण्याची पेटी, आणि मिठातील आयोडीन पाहण्याचे द्रावण. कोठाराशेजारची जुनी सायकलींची खोली रिकामी करून मिळाली, तर ओटा आणि पाण्याची सोय आम्ही माजी विद्यार्थी करू. शिक्षक कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. पूर्णवेळ शिक्षक मिळेपर्यंत आमच्यातील तिघांनी महिन्यातील दोन रविवार देण्याचे कबूल केले आहे : दुग्धप्रकल्पातील तो सोबती, शिरवळच्या एका कारखान्यात काम करणारी एक ताई, आणि भोसरीत बेकरी चालवणारा एक दादा. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील मावशींना शिक्षिका म्हणून वर्गात बसवावे, असाही आमचा आग्रह आहे. त्यांनी "मला काय येतंय?" म्हणून नकार दिला. पण एवढ्या माणसांचा भात रोज एकसारखा कसा होतो, हे त्यांनी सांगावे आणि मुलांनी वजन-मापे लिहून घ्यावीत, एवढे त्यांनी मान्य केले आहे.

पोळ्या लाटणाऱ्या त्या माउली पुढच्या पालकसभेला आल्या होत्या. मुलाची वही त्यांनी आमच्यापुढे उघडली. त्यात त्यांच्याच घरच्या पिठाची नोंद होती : पीठ, पाणी, मळून ठेवल्याचा वेळ, पोळी किती फुगली, यांचा तक्ता. सुट्टीत त्याने आईला आठ दिवस प्रश्न विचारून भंडावले होते. "माझ्याकडून शिकला म्हणतोय," त्या म्हणाल्या. विषय त्यांना पटला की नाही, हे त्या बोलल्या नाहीत. चौथ्या दिवसाच्या पोळ्या का बिघडल्या, हे त्या वहीत लिहिलेले नव्हते. त्यांनी आमच्याकडून पेन घेऊन तिथे स्वतःच्या हाताने लिहिले, की त्या दिवशी दळण नवे होते.